बिअरमधलं केळं, लवंग वगैरे: खरंच लागतं की लोक नुसतं फेकतात?

तिसरा_पेला:
बिअर मी आवडीने पितो आणि जेवतोही चवीने. पण माझी धाव 'मस्त', 'कडू' आणि 'जरा जास्तच कडू' एवढीच. सोबतचे दोघे मात्र एक घोट घेतात आणि सुरू होतात: केळं आहे, मागून लवंग येतेय, शेवटाला करपायच्या बेतात आलेला ब्रेड. मी पुन्हा घोट घेतो. मला बिअरच लागते.

खाण्याचंही तसंच. सूप चाखलं की काहीतरी कमी आहे एवढं कळतं, नेमकं काय ते डोकं खाजवूनही सांगता येत नाही.

हे उपजत असतं का? शिकता येत असेल तर सुरुवात कुठून करू? आणि बाटलीत कुणी केळं टाकलेलं नसताना केळं लागतं, म्हणजे नक्की काय लागतं?

(दारू चांगली की वाईट हा विषय इथे नको. त्यासाठी आधीच पुष्कळ धागे आहेत.)

आंबटशौकीन:
फेकतात. धागा बंद करायला हरकत नाही. ;-)

जायफळ:
वाचतेय. सूपच्या प्रश्नावर सवडीने लिहिते.

फेसाळ:
फेकत नाहीत हो, निदान केळ्याच्या बाबतीत तरी. घरी बिअर करायचा नाद आहे म्हणून लिहितो.

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड देतं हे शाळेत शिकलो, पण जाता जाता ते इतरही कितीतरी रेणू सोडतं. त्यातला एक आयसोअमाइल ॲसिटेट. पिकल्या केळ्याचा ओळखीचा वास मुख्यतः ह्याच रेणूचा. त्यामुळे जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं लागतं तेव्हा केळ्यातलीच वस्तू नाकाला लागलेली असते, फक्त ती झाडाने न बनवता यीस्टने बनवली.

लवंगेचं थोडं वेगळं. माल्टमधल्या (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) फेरुलिक आम्लापासून काही जातींचं यीस्ट ४-व्हिनाइल ग्वायाकोल बनवतं. लवंगेत असतं ते युजेनॉल. दोघे सख्खे नव्हेत, चुलत भाऊ. म्हणून बिअरमध्ये हुबेहूब लवंग शोधायला गेलात तर हुकते. जरा औषधी, जरा धुरकट अंगाने जाणारी लवंग शोधा.

आणि करपायच्या बेतातला ब्रेड हा भाजलेल्या माल्टचा. त्यात तर गूढ काहीच नाही, ब्रेडच्या कडेला जी रासायनिक क्रिया होते तीच माल्टच्या भट्टीत होते.

नाक_मुठीत:
@तिसरा_पेला, आधी एक करा. डोळे मिटा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि कुणाला तरी फळाच्या स्वादाची गोळी तोंडात टाकायला सांगा, रंग न दाखवता. चघळत राहा. गोड लागेल, थोडं आंबट लागेल, बास. मग नाक सोडा. संत्रं की स्ट्रॉबेरी ते त्या क्षणी भसकन कळतं.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच समजतं. (उमामी म्हणजे रस्सा, चीज ह्यांतली भरीव चव. तिचा शोध १९०८ चा. किकुनाए इकेदा ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं.) बाकी आपण ज्याला चव म्हणतो ती बरीचशी घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढणारा वास असते. म्हणून घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडायचा. केळंबिळं जे काही असेल ते त्या उच्छ्वासात असतं, आणि बहुतेक मंडळी नेमकी तेव्हाच बोलायला लागतात किंवा पुढचा घोट घेतात.

आंबटशौकीन:
ऑफिसात बसल्या बसल्या नाक दाबून गोळी चघळली. शेजारचा विचारतोय, बरं वाटत नाही का. पण च्यायला, खरंच की!

शाळामास्तर:
एक शंका. जिभेच्या टोकाला गोड, कडांना आंबट, मागे कडू असा नकाशा पुस्तकात होता. मग तुमचं हे 'सगळं नाकात' कसं बसवायचं?

नाक_मुठीत:
मास्तर, तो नकाशा बाद झालाय. १९०१ मध्ये हेनिग ह्या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांची संवेदनशीलता मोजली आणि फरक मिळाले ते किरकोळ. पुढे १९४२ मध्ये बोरिंग ह्या मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात तो आलेख अशा रीतीने छापला गेला की जणू एका भागाला एकच चव कळते. तिथून तो पाठ्यपुस्तकांत शिरला तो शिरलाच. जिभेच्या टोकावर मीठ ठेवून बघा, खारट लागतंय की नाही.

कडूजहर:
आता माझं ऐका. २००१ साली बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन लाल रंग घालून पुन्हा दिली. रंग बिनवासाचा. वास घेऊन वर्णन करा म्हटल्यावर लाल पेल्याला त्यांनी लाल वाइनचेच शब्द वापरले. हे शिकलेले लोक बरं का! त्यामुळे 'मागून लवंग येतेय' वगैरे ऐकलं की मी बर्फ मागवतो आणि गप्प बसतो.

फेसाळ:
@कडूजहर, प्रयोग खरा आहे, पण त्यातून निघतं एवढंच की डोळा नाकाला ओढत नेतो. नाकाला काही कळत नाही असं त्यातून निघत नाही. उलट म्हणूनच शिकायचं तर पेला न बघता, लेबल न वाचता शिकावं.

त्रिकोणी चाचणी नावाचा प्रकार आहे. तीन पेले, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येणारच, म्हणून पुन्हा पुन्हा करायची, पेल्यांची जागा बदलत. वर्णन करायची गरजच नाही, त्यामुळे फेकायला वाव नाही. दोन बिअर वेगळ्या आहेत हेच जर डोळे मिटून कळत नसेल तर लवंगेवर भांडण्यात अर्थ नाही. करून बघा म्हणजे झालं.

कडूजहर:
बघतो. पण माझी खात्री आहे तुमच्यातले निम्मे आपटतील.

खवैया_नंबर_एक:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लोणी लावलेले.

जायफळ:
आता सूप. तिसरा_पेला, तुम्हाला कमी आहे हे कळतं म्हणजे तुमचं यंत्र चालू आहे, फक्त नाव सुचत नाही. ते नाव सुचायला ह्याहून सोपा मार्ग मला माहीत नाही: एकच सूप मुद्दाम आळणी करायचं आणि पाच वाट्यांत सारखं ओतायचं. एक तशीच ठेवायची. दुसरीत मीठ, तिसरीत लिंबाचे थेंब, चौथीत चिमूट साखर, पाचवीत चमचाभर लोणी. प्रत्येक वाटीनंतर पुन्हा पहिली चाखायची. पहिलीकडे परत येणं सगळ्यात महत्त्वाचं, ते लोक गाळतात.

मिठाची वाटी नुसती खारट लागत नाही हे पहिल्या फेरीतच लक्षात येईल. टोमॅटोचा वास पुढे येतो, कडवटपणा मागे सरतो. सोडियममुळे कडू दबतं आणि दबलेलं गोड वर येतं. (फार कडू कॉफीत मिठाची कणी टाकून बघा. कणी म्हणजे कणीच!) लिंबाची वाटी तोंडाला पाणी सुटायला लावते, सूप पातळ झाल्यासारखं वाटतं. लोण्याची वाटी सगळ्याच्या कडा बोथट करते आणि चव जास्त वेळ रेंगाळते.

माझ्या स्वयंपाकाच्या अनुभवात 'काहीतरी कमी' हे बहुतेक वेळा मीठ असतं, आणि मीठ पुरेसं असूनही कमी वाटत असेल तर आंबट. मसाला क्वचितच. लोक मात्र आधी मसाल्याच्या डब्याकडे धावतात.

मंदाग्नी:
@जायफळ +१. आणि तिखट? पाच चवींत ते कुठे बसवायचं?

जायफळ:
कुठेच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून 'जळतं'. पुदिन्यातलं मेन्थॉल तसंच गारव्याच्या तंतूंना फसवतं. तुरटपणाही स्पर्शाच्या बाजूचा, टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि तोंड कोरडं खरखरीत होतं. बिअरमध्ये कडू आणि तुरट ह्यांची गल्लत फार होते. कडू गिळल्यावर मागे रेंगाळतं, तुरट गाल आत ओढतं.

डोंगरवेडा:
अवांतर: बिअरचा फेस चावतो ना जिभेला, तोही नुसता बुडबुड्यांचा नसतो. कार्बन डायऑक्साइडपासून एक एन्झाइम आम्ल बनवतं, ते बोचतं. उंचीवरचा त्रास टाळायला ॲसिटाझोलामाइड घेणारे गिर्यारोहक परत आल्यावर बिअर उघडतात आणि ती शिळ्या पाण्यासारखी लागते, कारण ते औषध नेमकं तेच एन्झाइम अडवतं. बुडबुडे दिसतायत, चावत मात्र नाहीत.

आंबटशौकीन:
म्हणजे शिखर सर केलं आणि वर शिक्षा. म्हणूनच मी घरी बसतो.

प्राजक्ताची_आई:
जन्मजात की शिकलेलं, यावर. दोन्ही असावं. कोथिंबीर माझ्या मुलीला साबणासारखी लागते, आम्ही बरेच दिवस नखरे समजत होतो. वासाच्या एका ग्राहकाचं जनुक त्याच्याशी जोडलेलं आहे हे नंतर वाचलं.

नाक_मुठीत:
@प्राजक्ताची_आई, अगदी. कडू चवीचा किस्सा तर प्रसिद्ध आहे. १९३१ च्या सुमारास आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड ओतत होता, ती हवेत उडाली. शेजारचा सहकारी ओरडला, काय कडू आहे! फॉक्सला काहीच लागेना. दोघांनी जिभेवर ठेवून खात्री केली, तरी तेच. आता त्यामागचं टीएएस२आर३८ हे जनुक माहीत आहे.

म्हणजे हॉप्सचा (बिअरला कडू करणाऱ्या वेलीच्या फुलांचा) कडूपणा तुम्हाला जेवढा लागतो तेवढाच समोरच्याला लागत असेल असं धरून चालू नका. 'ह्यात काय कडू आहे' म्हणून वाद घालणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

कडूजहर:
टोमणा पोचला. पण मग तज्ज्ञ मंडळी बारा-बारा वासांची यादी देतात त्याचं काय?

नाक_मुठीत:
त्या बाबतीत मी तुमच्या बाजूने. लेंग ह्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९८० च्या दशकाच्या शेवटी ओळखीचे वास मिसळून लोकांना दिले. तीन-चारच्या पुढे घटक ओळखणं लोकांना जमत नाही, आणि नंतरच्या प्रयोगांत सराव असलेलेही फारसे पुढे गेले नाहीत. एका श्वासात बारा वास ओळखतो म्हणणारा बहुधा आठ सजावटीला घालतो.

मग सरावाने काय वाढतं? नावं. डोळे मिटून स्वतःच्याच स्वयंपाकघरातल्या बरण्या हुंगा. ओळखीचं आहे, ओठांवर आहे, पण नाव येत नाही, असं कितीदा होतं ते बघा. वासाला नाव चिकटवून ठेवणं हाच अभ्यास, आणि तो बिअरशिवाय रोज करता येतो. चिरताना हुंगा, परतताना हुंगा, नासलेलं टाकण्याआधी हुंगा.

मंदाग्नी:
नासलेलंही? :-O

नाक_मुठीत:
तेच तर मुख्य. जुन्या हॉप्सना चीजचा वास येतो, आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. हेच आम्ल आणि ब्युटिरिक आम्ल यांचं मिश्रण २००१ च्या एका प्रयोगात लोकांना एकदा 'पार्मेझान चीज' आणि एकदा 'उलटी' असं सांगून हुंगायला दिलं होतं. चीज म्हटल्यावर आवडलं, उलटी म्हटल्यावर नाक मुरडलं. बाटली तीच.

खवैया_नंबर_एक:
पॉपकॉर्न खाली ठेवले.

वाट_पाहणारी:
थोडं वेगळं लिहिते. विषाणूच्या आजारानंतर माझा वास गेला होता. जेवणात मीठ कळायचं, आंबट कळायचं, गरम-गार कळायचं, पण भाजी कुठली ते तोंडात पोत बघून ओळखावं लागायचं. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी. वर नाक_मुठीत यांनी लिहिलंय ते वाचताना 'हो, हो' म्हणत होते.

डॉक्टरांनी वासाचा सराव सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, प्रत्येक काही सेकंद, सकाळ-संध्याकाळ, निदान बारा आठवडे. जर्मनीतल्या हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये मांडलेली पद्धत आहे ही. हुंगताना ती वस्तू मनात आठवायची. लवंग आधी परतली, पण सुरुवातीला ती लवंग नव्हतीच, नुसतं काहीतरी टोचणारं होतं. लिंबू फार उशिरा आलं आणि अजून अर्धंच आहे. ज्यांचं नाक शाबूत आहे त्यांनी हुंगायचा कंटाळा करू नये एवढंच म्हणते. आणि वास अचानक गेला तर घरचे प्रयोग करत न बसता डॉक्टरांना दाखवा.

फेसाळ:
@वाट_पाहणारी, मनापासून लिहिलंत. उरलेलं लिंबूही येवो.

मूळ प्रश्नाकडे येतो. बिअर शिकायची तर अगदी साधी, फिकी, स्वस्तातली लागर (नेहमीची पिवळी बिअर) घ्या आणि तिच्यात एकेक वास मुद्दाम घाला. जितकी साधी तितकी बरी, कारण ती मध्ये बोलत नाही. लवंगा व्होडकात एक रात्र भिजवून त्याचे दोन-तीन थेंब एका पेल्यात. केळ्याचा इसेन्स दुसऱ्यात, थेंबाहूनही कमी, काडीच्या टोकावर. डबाबंद मक्याचं पाणी चमचाभर तिसऱ्यात. हे डीएमएसचं, म्हणजे डायमिथिल सल्फाइड ह्या रेणूचं सोंग. माल्टचा रस उघड्यावर खळखळून उकळला नाही तर बिअरला असाच उकडलेल्या मक्याचा वास येतो. शेजारी न मिसळलेला पेला हवाच, जायफळ यांच्या पहिल्या वाटीसारखा. आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नका, अति थंडीत वास उडतच नाही. दहा अंशांच्या आसपास येऊ द्या. पेल्याला साबणाचा वास नको.

इसेन्सशिवायचा प्रयोग मला जास्त आवडतो. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर दोन पेल्यांत ओता, एक कपाटात झाकून ठेवा, दुसरा कडक उन्हात. अर्ध्या-पाऊण तासाने दोन्ही सारखे गार करून हुंगा. उन्हातल्याला जळकं रबर, लसूण आणि काहीतरी प्राण्याचं असा वास मारतो. हॉप्समधल्या कडू आम्लांवर उजेड पडला की थायॉल वर्गातला एक रेणू तयार होतो आणि तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाला कळतो. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही. काही पारदर्शक बाटल्यांत हा वास येत नाही, कारण तिथे प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात. तसं झालं तर ब्रँड बदला.

वास घेऊन नाक थकलं की स्वतःची बाही हुंगा. कॉफीच्या बिया वगैरे लागत नाहीत.

मंदाग्नी:
माझा आक्षेप वेगळा आहे. मी हे सगळं शिकलो. लोण्याचा वास, म्हणजे डायॲसिटिल, एकदा ओळखता आला आणि आता नळाच्या बिअरमध्ये पदोपदी तोच दिसतो. नळ्या धुतलेल्या नसल्या की जिवाणू तो बनवतात, हे कळून मला काय मिळालं? आधी सुखाने पीत होतो. @तिसरा_पेला, 'मस्त' आणि 'कडू' एवढ्यावर तुमचं छान चाललंय, कशाला उपद्व्याप करता?

जायफळ:
मंदाग्नी, तुम्ही फक्त दोष शिकलात म्हणून असं झालं. चूक काढायला शिकण्याआधी चांगलं काय ते ओळखायला शिकावं. मला सूपमध्ये भाजलेला कांदा वेगळा कळायला लागल्यापासून साधं सूपही जास्त वेळ पुरतं.

मंदाग्नी:
असेल. पण अस्वच्छ नळीची बिअर मला आता पिववत नाही आणि मित्र मला बोलवत नाहीत.

आंबटशौकीन:
मित्रांचं कारण वेगळं असू शकतं. (हलके घ्या!)

कडूजहर:
त्रिकोणी चाचणी केली. आवडती बिअर आणि तिची प्रतिस्पर्धी. डोळ्यांना रुमाल, पेले बायकोने ठेवले. बहुतेक फेऱ्यांत वेगळी कुठली ते सापडलं, तिथे तुमचं मान्य. पण 'आवडती कुठली' म्हटल्यावर दर वेळी दुसरीकडेच बोट गेलं. हे घरात कुणी विसरू देत नाहीये.

खवैया_नंबर_एक:
ब्रँड सांगा की राव.

कडूजहर:
मेलो तरी नाही.

तिसरा_पेला:
सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. सूपच्या वाट्या केल्या: आमच्याकडे कमी होतं ते आंबट. बिअरमध्ये लवंग पक्की बसली, आता न सांगता ओळखली. मका चटकन आला. उन्हातला पेला बायकोने खिडकीबाहेर ठेवायला लावला. गोची लोण्याची आहे. बटर इसेन्सचा थेंब घातला, तिला हातभर अंतरावरून आला, मला पेल्यात नाक बुडवूनही काही नाही. थेंब वाढवत नेले तरी नाही. हे शिकून येईल की माझ्यात ते नाहीच?

फेसाळ:
आधी इसेन्सचं लेबल बघा. हल्ली पुष्कळ बटर इसेन्स डायॲसिटिल न घालता बनवतात, त्यामुळे तुम्ही दोघांनी हुंगलं ते दुसरंच काही असू शकतं. डायॲसिटिल असेल आणि तरी येत नसेल तर तुमचं नाक त्याला मंद असण्याची शक्यता बरीच. असे लोक भरपूर असतात, बिअर तपासणाऱ्यांतही असतात. ते आपला आंधळा कोपरा ओळखून तेवढ्या वासासाठी दुसऱ्याचं मत घेतात. एक मार्ग उरतो: डायॲसिटिल जास्त असेल तर घोट जिभेवर बुळबुळीत, तेलकट लागतो. वास सोडा, तो स्पर्श शोधा.

दरम्यान एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या घ्या, एक फ्रिजमध्ये, दुसरी उबदार माळ्यावर, अंधारात. जुन्या बिअरचा ओल्या पुठ्ठ्याचा वास शिकायला ती तिथे काही आठवडे राहायला हवी, तेव्हा आजच ठेवा. बाटलीवर तारीख लिहा आणि 'पिऊ नये' असंही.